वाळूच्या दगडातले तेल

जमिनीत तेल सापडले असे ऐकले म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. खाली मोठे तळे आहे, ते तेलाने भरले आहे, आणि वरून नळी सोडली की झाले! तसे तळे कोठेच नसते. तेल असते ते दगडात. कोरड्या विटेवर तांब्याभर पाणी ओतून पाहा. वीट ते पिऊन टाकते, कारण तिच्या कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड, हाही असाच सच्छिद्र असतो.

गुजरातेत, नर्मदेच्या दक्षिणेस, भरूचजवळ अंकलेश्वर आहे. तेथे मे १९६० मध्ये तेल लागले. पहिल्या विहिरीला पंडित नेहरूंनी 'वसुधारा' असे नाव दिले. हे तेल वालुकाश्माच्या थरांत, जमिनीखाली सुमारे एक किलोमीटर किंवा त्याहूनही खोल आहे.

मग आपल्या सह्याद्रीत का नाही? आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. तापल्या रसाच्या दगडात तेल तयार होत नाही. खंबाताकडे मात्र हाच कातळ खाली खचला आणि त्या खोलगट भागात पुढे समुद्र शिरला. तळाच्या काळ्या चिखलात जीवांचे व वनस्पतींचे अवशेष गाडले गेले. वर थरांवर थर साचले, चिखल खोल दबला आणि तेथल्या उष्णतेने त्या अवशेषांचे तेल झाले. नद्यांनी मुखाशी वाळू आणून टाकली, तिचा वालुकाश्म झाला. त्यावर पुन्हा चिकणमातीचे थर बसले. तेल पाण्याहून हलके, म्हणून ते वाळूच्या थरांतून वर चढू लागले. पण चिकणमातीच्या घट्ट छपराने त्याला अडवले. येथले थर पालथ्या परातीसारखे मध्ये उचललेले आहेत. त्या फुगवट्याखाली तेल अडकून राहिले.

म्हणजे चार गोष्टी जुळाव्या लागतात: तेल देणारा चिखल, ते साठवणारी वाळू, वरचे छप्पर आणि थरांचा फुगवटा. यांतली एक चुकली तरी विहीर कोरडी!

तेल लागले म्हणजे काम संपले असेही नाही. फुगवटा किती लांब, वाळूचा कोणता थर किती जाड, तेल कोठे संपून पाणी कोठे लागते, हे कळायला आणखी पुष्कळ विहिरी खणाव्या लागतात. प्रारंभी तेल आपल्याच दाबाने वर येते. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच फेस उसळतो, तसा तेलात विरघळलेला वायू त्याला वर ढकलतो. पण घाई करून ओढले तर वायू आधीच निघून जातो, दाब उतरतो, आणि दाट झालेले तेल वाळूच्या कणांना चिकटून राहते. म्हणून काही विहिरींतून उलट पाणी खाली सोडतात. ते पाणी दाब टिकवते आणि तेलाला उपसा करणाऱ्या विहिरींकडे रेटते. अंकलेश्वरलाही हाच उपाय योजला गेला. एवढे करूनही पुष्कळशा तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल दगडातच राहते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. पेलाभर कोरडी वाळू घ्यावी, तीत मोजून पाणी ओतावे, आणि मग पेला तिरपा करून किती पाणी परत मिळते ते पाहावे. ओतले तेवढे मिळत नाही. मुलांना सगळी गोष्ट त्यातच समजेल.

उन्हाळ्यात विहिरीला पाझर कमी असला तर आपण उपसा जपून करतो. तरी पुढे पावसाळा येणार याचा भरवसा असतो. तेलाच्या विहिरीला पावसाळा नाही. अंकलेश्वरातून साठ वर्षांनंतरही तेल निघते, पण पहिल्याइतके नाही. जे कोट्यवधी वर्षांत साठले, ते आपण दोन-तीन पिढ्यांत उपसत आहोत. इंजिनात डिझेल ओतताना हा हिशेब लक्षात असू द्यावा.