शर्यतीच्या टायरमध्ये हवा किती भरायची, आणि ते ठरवायचं कसं?

29 जुलै 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांची माउंटन बाइक शर्यत एलांकूरच्या टेकडीवर झाली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक शर्यतीच्या मध्येच पंक्चर झालं. चाक बदलून तो परत निघाला आणि शेवटी फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला 9 सेकंदांनी मागे टाकून त्याने सुवर्णपदक घेतलं. आदल्याच दिवशी महिलांच्या शर्यतीत नेदरलँड्सची पक पीटर्स दुसऱ्या क्रमांकावर होती. तिचाही टायर गेला आणि ती चौथी आली.

फक्त पिडकॉककडे पाहून ‘पंक्चर झालं तरी जिंकता येतं’ असं म्हणणं म्हणजे जिंकलेल्यालाच विचारून निष्कर्ष काढणं. दोन्ही घटना धरल्या तरी नमुना दोनचाच. पण त्यांच्यामागचा प्रश्न मला फार आवडतो. शर्यतीसाठी टायर कोणता घ्यायचा, त्यात हवा किती ठेवायची, आणि ‘हेच बरोबर’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो? पीएचडीच्या मुलाखतीत ‘प्रयोगाची मांडणी कशी कराल’ असं विचारलं की कंट्रोल, रेप्लिकेट हे शब्द सगळ्यांना पाठ असतात, पुढे मात्र गाडी अडते. टायरच्या या प्रश्नात ते सगळे शब्द एकदम कामाला लागतात. शिवाय माझं काम पॉलिमरवर आहे, त्यामुळे रबराबद्दल बोलायला मला निमित्तच हवं असतं.

आधी रबर काय करतं ते बघू. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग जमिनीला टेकतो, दबतो आणि सुटतो. दाबताना घातलेली ऊर्जा रबर पूर्ण परत देत नाही, थोडी उष्णता होऊन जाते. हाच हिस्टेरेसिस. टायर जितका जास्त दबेल तितकी गळती जास्त, म्हणून हवा वाढवली की टायर कमी दबतो आणि सायकल हलकी चालते. सायकलस्वार 70 किलोचा, सायकल 12 किलोची, आणि मागच्या चाकावर साधारण 48 किलो भार आहे असं समजा. 22 पीएसआय दाबाला जमिनीला टेकणारा भाग सुमारे 31 चौरस सेंटिमीटर येतो, 30 पीएसआयला 23 च्या आसपास. हा भागिले दाबाचा ढोबळ हिशोब आहे, टायरच्या भिंतीचा ताठपणा त्यात धरलेला नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

प्रयोगशाळेत टायर गुळगुळीत पोलादी ड्रमवर फिरवला तर हेच दिसतं: हवा जास्त, रोध कमी. आकडे सुंदर येतात, पुन्हा मोजले तरी तेच येतात. आणि डोंगरात ते चुकीच्या दिशेला नेऊ शकतात! कारण तिथे दगड आहेत, मुळं आहेत. टायर कडक असला तर प्रत्येक दगडावर अख्खी सायकल वर उचलली जाते आणि तिच्यासोबत माणूसही. पुढे जाण्याची ऊर्जा अशी उभ्या हादऱ्यांत जाते आणि शेवटी स्नायूंमध्ये, मांसात विरते. मऊ टायर दगडाभोवती स्वतः वाकतो आणि माणूस त्या मानाने स्थिर राहतो. एका जागची गळती थोडी वाढली, दुसरीकडची बरीच घटली. ड्रमवर माणूस बसलेलाच नसल्यामुळे ही दुसरी गळती त्या यंत्राला दिसतच नाही. यंत्र खोटं बोलत नाही, आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते देत नाही एवढंच. आपापल्या विषयात असा ‘ड्रम’ कुठे आहे हे शोधून ठेवा. मुलाखतीत नाही तर व्हायवात कोणीतरी विचारणारच.

मग अनुभवावर विसंबावं का? तिथे वेगळी गंमत आहे. कडक टायर जास्त थरथरतो, आणि थरथर जास्त असली की आपण वेगात आहोत असं वाटतं. मऊ टायरवर सगळं शांत असतं, म्हणून सायकल संथ वाटते. ‘मला तर हाच फास्ट वाटतो’ या वाक्याला म्हणूनच माझ्या लेखी फारशी किंमत नाही, बोलणारा कितीही अनुभवी असो. घड्याळ लावा.

टायरची निवड करताना तोच हिस्टेरेसिस उलट बाजूने भेटतो. ऊर्जा खाणारं मऊ रबर खडकावर घट्ट धरतं. जे चढावर नको असतं तेच उतारावर हवं असतं. म्हणून बरेच जण पुढे जास्त पकड देणारा टायर लावतात आणि मागे कमी खोल, पटकन फिरणारा. पुढचं चाक घसरलं तर माणूस खाली येतो, मागचं घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढच्या चाकावर भारही कमी, म्हणून तिथे हवा एक-दोन पीएसआयने कमी ठेवतात. टायरवरचे रबरी ठोकळे कसे हवेत हे जमीन ठरवते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर कडक वाटेवर सुटा मुरूम पसरलेला असतो, तिथे मध्ये बुटके, जवळ जवळ आणि कडेला ठळक ठोकळे बरे. काळ्या मातीचा चिखल असेल तर ठोकळे उंच आणि लांब लांब हवेत, नाहीतर माती मध्ये अडकून टायर गुळगुळीत लाडू होतो.

आता मोजण्याकडे. दोन पंपांचे काटे एकाच टायरवर एक-दोन पीएसआयने वेगळे दिसणं अगदी नेहमीचं आहे. त्यामुळे कोणा विजेत्याचा ‘22’ हा आकडा जसाच्या तसा उचलून काही उपयोग नाही, तो त्याच्या काट्याचा, त्याच्या वजनाचा, त्याच्या रिमच्या रुंदीचा 22 आहे. स्वतःचं एकच गेज ठेवा. ते खऱ्या दाबापेक्षा एक पीएसआय जास्त दाखवत असेल तरी चालेल, दर वेळी तितकंच जास्त दाखवलं पाहिजे. अचूकता आणि सातत्य या दोन गोष्टी वेगळ्या का शिकवतात ते इथे कळतं.

तापमानाचा एक सापळाही आहे. पहाटे 20 अंशांना 22 पीएसआय भरलं आणि दुपारी टायर 35 अंशांवर गेला, तर दाब किती? बरेच विद्यार्थी 22 ला 308 भागिले 293 ने गुणतात आणि 23.1 सांगतात. पण गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतं. आधी 14.7 मिळवायचे, 36.7 ला त्या गुणोत्तराने गुणून 38.6 आणायचे, मग 14.7 वजा करायचे. उत्तर 23.9. म्हणजे जवळजवळ 2 पीएसआयची वाढ. आपण एकेका पीएसआयवरून वाद घालत असताना ऊन गुपचूप दोन घालून जातं!

दोन टायरांची तुलना करायची तर? 82 किलोसाठी, ताशी 20 किमी वेगाला, रोलिंग रेझिस्टन्सच्या गुणांकात 0.001 फरक पडला की साधारण साडेचार वॅट लागतात किंवा वाचतात. 250 वॅटवर दीड टक्का चूक करणारा पॉवर मीटर पावणेचार वॅट इकडेतिकडे दाखवेल. म्हणजे शोधायचा फरक आणि मोजण्यातली चूक जवळजवळ एकाच मापाची. दोन्ही टायर एकाच मीटरने मोजले तर कायमची चूक कटून जाते, इकडेतिकडे होणारी राहते. ती फेऱ्या वाढवूनच आवरावी लागते.

पण किती फेऱ्या? समजा एकाच टायरवर तुमच्या फेरीच्या वेळेचं प्रमाण विचलन 4 सेकंद आहे आणि टायरांमधला खरा फरक 2 सेकंदांचा. फरकाची प्रमाण त्रुटी 1 सेकंदावर आणायची तर प्रत्येक टायरवर 32 फेऱ्या लागतील. तोवर टायर झिजेल आणि तुम्हीही. विचलन 2 सेकंदांवर आणलंत, म्हणजे चढावर ताकद मीटरवर बघून स्थिर ठेवली, प्रत्येक फेरीला तीच रेघ धरली, तर 8 पुरतात. गोंगाट निम्मा केला की कष्ट पाव होतात. फक्त रस्ता छोटा करून हे साधत नाही, कारण त्याबरोबर फरकही छोटा होतो. आणि क्रम? आधी अ च्या सगळ्या फेऱ्या आणि मग ब च्या, असं केलंत तर ब ला तुमचा थकवा आणि दुपारचं ऊन दोन्ही भोवणार. अ, ब, ब, अ असा क्रम घ्या, सरळ वाढत जाणारा थकवा दोघांत सारखा वाटला जातो. हवा मित्राला भरायला सांगा आणि आकडा विचारू नका.

दाब ठरवायला मात्र इतका पसारा लागत नाही. थोड्या जास्त हवेने सुरू करा, तोच कठीण तुकडा पुन्हा पुन्हा करा, दर वेळी 1 पीएसआय कमी. रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला किंवा वळणात टायर बाजूला लोळल्यासारखा वाटला की थांबा आणि एक-दोन वर या.

शेवटी आपल्याला नेमकं काय कमी करायचंय? रोध नव्हे, शर्यतीचा वेळ, आणि त्यात पंक्चरची शक्यताही आली. जाड बाजूंच्या टायरांची जोडी 300 ग्रॅम जड आहे असं धरा. 85 किलोच्या एकूण वजनात ती 0.35 टक्के होते. शर्यतीत 45 मिनिटं चढ असेल तर सुमारे 10 सेकंदांचं नुकसान. पंक्चरमुळे 60 सेकंद जाणार असतील तर हलक्या टायरने पंक्चरची शक्यता सहात एकपेक्षा जास्त वाढली तरच जड टायर परवडतो. पण या शर्यतीत मदत ठरलेल्या जागीच मिळते. तिथवर रिमवर रखडत जाण्यात 3 मिनिटं गेली, तर हाच आकडा अठरात एकवर येतो. म्हणजे टायर निवडण्याआधी मदतीची जागा आणि दगडांचा पट्टा यांच्यातलं अंतर बघून या. सरासरी वेळ कमी करणं आणि पदकाची शक्यता वाढवणं यांतही फरक आहे. मागे असलेल्याला जोखीम परवडते, पुढच्याला नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात: ट्यूबलेसच घ्या, कमी दाबाला ट्यूब रिम आणि दगडात चिमटून फाटते. टेप रिमवर सुरकुती न पडू देता ताणून लावा, कडांना साबणाचं पाणी, मग एकदम जोरात हवा, दोन्ही कडा ‘टक्’ करून बसेपर्यंत. आतलं लॅटेक्सचं सीलंट काही महिन्यांत वाळतं, आपल्या उन्हाळ्यात आणखी लवकर, तेव्हा जुनं असेल तर नवं घाला. हे सगळं शर्यतीच्या आदल्या रात्री करू नका. चार दिवस आधी करा, रोज सकाळी त्याच वेळी, त्याच गेजने दाब लिहून ठेवा. रात्रीतून किती उतरतो ते कळलं की शर्यतीच्या दिवशी किती भरायचा तेही कळेल.