उंबरठ्याच्या आतील अहिंसा

पाणी गाळून पिणाऱ्या घरांतही सुनेवर हात उगारला जातो, हे मान्य करणे आपणास जड जाते. तिचा निद्रानाश, छातीतील धडधड, सततची उदासी यांसाठी आपण दवाखाने पालथे घालतो. कारण मात्र अनेकदा घरातच, रोजच्या भीतीत असते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने अपमान आणि पैशांची अडवणूक हीदेखील हिंसाच मानली आहे.

शास्त्रात हिंसा कृत, कारित आणि अनुमोदित अशी त्रिविध सांगितली आहे. शेजारच्या खोलीत मौन धरून बसलेले वडीलधारे तिसऱ्या प्रकारात येतात, असे आम्हांस वाटते. संवत्सरीला तिच्याकडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ वदवून घेतल्याने तिचे मन बरे होत नाही. आधी मार थांबला पाहिजे. मग मनोविकारतज्ज्ञांशी तिला एकटीने बोलता आले पाहिजे. महिला हेल्पलाइन १८१ आणि टेली-मानस १४४१६ हे क्रमांक लेकी-सुनांजवळ असावेत.