छातीतलं घड्याळ

पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे निघालं, की बेला मंडलातल्या गावांत पाट्या तेलुगूत आणि ओसरीवरच्या गप्पा मराठीत. माझी थोरली मावशी त्यातल्याच एका गावात राहते. कापूसवेचणीच्या दिवसांत तिच्याकडे मुक्काम पडला, की रात्री सगळं निजानीज झाल्यावर एक बारीक टिकटिक ऐकू येते. भिंतीवर घड्याळ नाही. आवाज मावशीच्या छातीतून येतो. "माया छातीत घड्याळ हाय," ती म्हणते, "झोप नाई लागली त मोजत बसतो."

हृदयाची शस्त्रक्रिया म्हटलं की आपल्याला बायपास आठवतो, नाहीतर 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केलेलं देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण. ते हृदय एका शेतकऱ्याला बसवलं होतं आणि तो काही तासच जगला. पण आदिलाबाद, किनवट, पांढरकवडा या पट्ट्यातल्या हातावर पोट असणाऱ्या घरांत तरुण वयातच छाती उघडायची वेळ येते, ती पुष्कळदा वेगळ्या कारणाने. ते कारण म्हणजे लहानपणी दुखलेला घसा.

स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा घसा दुखतो आणि चार दिवसांत बराही होतो. काही मुलांत मात्र दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटतो. आज गुडघा सुजतो, तो उतरला की घोटा. जंतूशी लढायला शरीराने तयार केलेली शस्त्रं स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालू लागतात. सांधे पूर्ववत होतात. हृदयाच्या झडपा होत नाहीत. त्यांच्या पाकळ्या हळूहळू जाड होतात, कडांना एकमेकींना चिकटतात, आणि हे सगळं दहा-वीस वर्षं निमूटपणे चालतं. एका खोलीत सहा-सात जण निजणाऱ्या घरांत हा जंतू एका घशातून दुसऱ्या घशात सहज जातो. म्हणून याला गरिबीचा रोग म्हणतात, आणि ते खरं आहे.

डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचं तोंड एरवी चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतं. ते दीडच्या खाली आलं, की रक्त मागे फुप्फुसांत तुंबू लागतं. मावशीचं तसंच झालं. तिशीच्या आत तिला कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांध चढवेना. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी तर तिला आडवं होताच येईना, भिंतीला टेकून रात्र काढायची. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, तेव्हा अरुंद झडपेचं बिंग हमखास फुटतं. पण घरात आणि गावात सगळे म्हणत राहिले, दमा आहे. दोन वर्षं तिने दम्याच्या गोळ्या खाल्ल्या.

चिकटलेली झडप मोकळी करायची जुनी युक्ती होती ती माणसाच्या बोटाची. 1925 साली लंडनमध्ये हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घातलं. मुलगी बरी झाली, पण त्यांच्याकडे पुन्हा तसा रुग्ण कुणी पाठवला नाही. पुढे 1948 मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी ही वाट पुन्हा उघडली, आणि 1950 च्या दशकात डॉ. सेन यांनी ती केईएममध्ये आणली. छातीच्या डाव्या बाजूने आत जायचं, वरच्या कप्प्याच्या कानासारख्या टोकाला गोल टाका घालून ठेवायचा, तिथे छेद देऊन तर्जनी आत सरकवायची आणि बोटाभोवती तो टाका आवळायचा. आत काही दिसत नाही. झडप कुठे चिकटली आहे, किती कडक आहे, रक्त मागे उसळतं आहे का, हे सगळं बोटाच्या टोकालाच कळायचं. त्याच बोटाने, किंवा त्याच्या आधाराने सरकवलेल्या अवजाराने, चिकटलेली कड सुटी करायची. महागडं यंत्र लागत नसे. आपल्या सरकारी रुग्णालयांत या शस्त्रक्रियेने हजारो तरुण बायकांना पुन्हा कामाला उभं केलं. 1980 च्या दशकात जपानच्या कांजी इनोउए यांचा फुगा आला. मांडीच्या शिरेतून नळी वर न्यायची आणि झडपेत फुगा फुगवायचा. आज जिथे झडप मऊ आहे, तिथे फुगाच वापरतात.

मावशीची झडप मऊ राहिली नव्हती. तिच्यावर चुना साचला होता आणि ती गळतही होती. ती बदलणंच भाग होतं. त्यासाठी हृदय थांबवून आत डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि तेवढा वेळ रक्त फिरवायला यंत्र लागतं. हे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी 1953 च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात केली. उराचं हाड मधोमध करवतीने कापतात. रक्त नळ्यांतून बाहेर यंत्रात जातं, तिथे प्राणवायू घेऊन परत येतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत पोटॅशियमचं गार द्रावण सोडलं, की ते थांबतं. काम झालं की ते पुन्हा चालू होतं आणि हाड पोलादी तारांनी बांधतात. त्या तारा जन्मभर तिथेच राहतात. मावशीच्या एक्स-रेत त्या ओळीने बसलेल्या दिसतात. तिच्या नातवंडांना तो एक्स-रे खिडकीला धरून पाहायला फार आवडतो.

तिची झडप कार्बनच्या दोन पाकळ्यांची, म्हणून तो आवाज. परदेशी झडपा न परवडणाऱ्या आपल्या देशासाठी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून मावशीच्या झडपेहून वेगळी, स्वतःची झडप घडवली. पहिली तीन रूपं फसली. कुठे जोड तुटला, कुठे धातू झिजला. एका रूपात तर कृत्रिम नीलमण्याची तबकडी होती, तीही टिकली नाही. चौथ्यात साध्या दिसणाऱ्या कठीण प्लास्टिकची तबकडी घातली आणि ती टिकली. 6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. मला हे काम आपल्या अग्निबाणांइतकंच मोठं वाटतं.

इथपर्यंतचं सगळं शहरात होतं. मावशी हैदराबादेत तीन आठवडे होती. त्यानंतरची सगळी वर्षं ती गावात ती झडप सांभाळते आहे, आणि याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

यांत्रिक झडपेवर रक्त गोठू पाहतं. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळी सुटून मेंदूत जाते आणि लकवा होतो. म्हणून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी असिट्रॉमची गोळी, जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. तोल कळतो तो आयएनआर नावाच्या तपासणीतून. तुमचा-माझा आकडा एकच्या आसपास असतो, मावशीचा अडीच ते साडेतीन राहावा लागतो. त्यासाठी ती महिन्याला एकदा आदिलाबादला जाऊन रक्त देते. वेचणीच्या दिवसांत त्या दिवसाची मजुरी बुडते.

हिरव्या पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या उलट काम करतं. आमच्याकडे अंबाडीची भाजी आठवड्यातून चारदा होते. एकाने सांगितलं, पालेभाजी बंद करा. मावशी सहा महिने वरणावर राहिली. नंतरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं, की खायची, फक्त दर आठवड्याला साधारण सारखीच खायची, आज ताटभर आणि पंधरा दिवस काहीच नाही असं करायचं नाही. बोंडाची सुकलेली टोकं बोटांना ओरखडतात, ते रक्त तिचं लवकर थांबत नाही. वेचायला जाताना ती बोटांना चिंध्या बांधते.

एकदा गुडघे दुखतात म्हणून तिने गावातल्या आरएमपीकडून, म्हणजे पदवी नसलेल्या डॉक्टरकडून, दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी शौचाला काळं होऊ लागलं. वेदनाशामक गोळ्या आणि असिट्रॉम एकत्र पोटात गेल्या, की आतून रक्त जाण्याचा धोका असतो. वेळेवर रक्त चढवलं म्हणून ती वाचली. तेव्हापासून तिच्या कमरेच्या पिशवीत एक जाड कागद असतो, मराठीत आणि तेलुगूत लिहिलेला: छातीत झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात काढायचा असो की साधी सुई टोचायची असो, ती आधी कागद पुढे करते.

छातीच्या शस्त्रक्रियेची दुसरी बाजू म्हणजे फुप्फुसं. औषधं नव्हती तेव्हा क्षयाच्या रोग्यांच्या बरगड्या काढून फुप्फुस दाबून टाकत. गोळ्या आल्यावर ते मागे पडलं. आता क्षय उशिरा कळला आणि छातीत पू साचला, तर आधी नळी घालून तो काढतात, आणि फुप्फुसावर जाड साल धरली असेल तर ती शस्त्रक्रियेने सोलतात. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासली, तर यातल्या बहुतेकांची छाती उघडावी लागणार नाही.

आदिलाबादला 2008 मध्ये रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं, त्यामुळे निदानासाठीची वणवण पुष्कळ कमी झाली. छाती उघडायची तर बहुतेकांना तीनशे किलोमीटरवरचं हैदराबाद गाठावं लागतं. नागपूर दोनशेवर, पण राज्य वेगळं, कार्ड वेगळं. 2007 मध्ये सुरू झालेल्या आरोग्यश्री या सरकारी आरोग्य योजनेची मर्यादा तेलंगणाने 2023 च्या डिसेंबरात दहा लाखांवर नेली. शस्त्रक्रियेचा खर्च सुटला. महिन्याची तपासणी, प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मात्र घरावरच आहे, आणि कुणी गोळी सोडतो ते इथेच. मला वाटतं, बोटातून थेंबभर रक्त घेऊन आयएनआर सांगणारं छोटं यंत्र प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवं.

आणि पेनिसिलिनही. घसा दुखून उलटणारा हा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला दर एकवीस दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तर ताप सहसा पुन्हा उलटत नाही आणि झडप पुढे बिघडायची शक्यता कमी होते. स्वस्त औषध, पण फार दुखतं, आणि रिअ‍ॅक्शनच्या भीतीने पुष्कळ जण ते टोचायलाच धजत नाहीत.

मावशीच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर निळ्या खुणा तिच्या तपासणीच्या. गेल्या दिवाळीपासून तिथे लाल खुणाही दिसतात, एकवीस-एकवीस दिवसांच्या अंतराने. नात नऊ वर्षांची. घसा दुखून महिना झाला नव्हता तोच तिचा गुडघा सुजला, आणि घरातले सगळे म्हणत होते, खेळताना पडली असेल. मावशीने हातातली पाटी खाली ठेवली, मुलीला घेतलं आणि आदिलाबादच्या ऑटोत जाऊन बसली.