एका फेरीत जे साधेल

संगमनेरच्या घरोघरी तेंदूपाने कातरीत बसलेल्या स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, आणि म्हणून दवाखान्याची एक फेरी म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणेच होय. अंगावरून जात असो, की छातीत न दुखणारी गाठ हाताला लागत असो, ते दुखणे अंगावर काढण्याचे कारण अज्ञानापेक्षा या हिशेबातच अधिक सापडते. स्त्रियांच्या कर्करोगासंबंधी महाराष्ट्रात गेल्या साडेतीन दशकांहून अधिक काळ जे संशोधन झाले, त्याचा मागोवा घेताना ही स्त्री मी डोळ्यांपुढून हलू देत नाही. कारण त्यातील जे सर्वांत मोलाचे, ते वारंवार येऊ न शकणाऱ्या अशाच स्त्रियांनी जगाच्या पदरात टाकलेले आहे.

मुंबईची कर्करोग-नोंदणी १९६३ सालची. खेड्यातल्या रोगाला मात्र कोणत्याच दप्तरी थारा नव्हता. १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात ग्रामीण भागासाठी देशातील पहिली नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतून कार्यकर्ते गावोगाव हिंडू लागले. रुग्णालयांच्या कागदांवर विसंबण्याची सोय नव्हती, कारण रुग्ण तेथवर पोहोचतच नसत. तेव्हा गावकऱ्यांना एकत्र बसवून लक्षणे समजावून सांगावीत आणि तशी कोणी आढळल्यास तिला तपासणीस आणावे, अशी रीत पडली. गणतीसाठी पत्करलेल्या या रीतीचे फळ असे की, काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ कोणी येऊन बोलले!

या पायावरच १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी उभी राहिली. बार्शीचे डॉ. बी. एम. नेने, टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन यांनी गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात घेतल्या. काही गटांत या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूची तपासणी, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांची पाहणी, आणि उरलेल्यांत नेहमीची शासकीय सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात. विषाणू-तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तर काहीच तपासणी न झालेल्या गटात ६४. हे ६४ मृत्यू कोणी आकडा म्हणून वाचू नयेत. ज्या रोगावर उपाय ठाऊक होता त्यासाठी एका गटास तपासणीविना ठेवावे काय, हा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे कठोरपणे विचारला, आणि तो विचारणे माझ्या मते रास्तच होते.

याच विषाणूवरील लसीच्या बाबतीत तर दैवानेच प्रयोग घडविला. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबई व देशातील इतर केंद्रांवर मुलींना दोन किंवा तीन मात्रा देण्याचे योजिले होते. परंतु दुसऱ्याच एका प्रकल्पातील मृत्यूंवरून उठलेल्या वादळामुळे २०१० मध्ये सरकारी हुकमाने लसीकरण थांबले आणि हजारो मुली एकाच मात्रेवर राहिल्या. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. १६ व १८ या घातक विषाणू-प्रकारांच्या दीर्घ संसर्गापासून एका मात्रेनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये दिसून आले, आणि पुढल्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला.

स्तनाचा रोग मात्र एका फेरीत आटोपत नाही. मुंबईच्या वस्त्यांतून १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांवर चाललेल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही.

  

आणि एवढे हाती असता २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शेकडा दोनही भरल्या नाहीत. एचपीव्ही-तपासणीचा नमुना आता स्त्रीला स्वतः घेता येतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली आहे. आमच्या विडीवाल्या बायका तयार माल जमा करून पाने-तंबाखू घेण्यासाठी कारखान्याच्या दारी येतातच. नमुन्याची पेटी आणि ती समजावून सांगणारी परिचारिका त्या दारी बसावी, आणि जिच्या नमुन्यात विषाणू आढळेल तिच्या उपचाराच्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये, अशी माझी मागणी आहे.