भाजलेली चटणी: चव जाळाची, टिकाव आंबटाचा

सालसा म्हणजे स्पॅनिश भाषेत नुसता सॉस. मेक्सिकोत टोमॅटो, मिरच्या, कांदा आणि लसूण कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजतात, दगडी खलात कुटतात आणि रोटीसोबत खातात. वडगाव मावळच्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे वर्णन ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. आपली भाजलेल्या टोमॅटोची चटणी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा यांची रीत हीच. दगडसुद्धा एकाच जातीचा. तिकडचा खल आणि सह्याद्रीच्या पाषाणातून घडवलेला आपला पाटा, दोन्ही लाव्हारस थिजून तयार झालेल्या बेसॉल्टचे. टोमॅटो आणि मिरची तर मुळात अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आल्या.

फरक एका गोष्टीत पडतो. आपल्याकडे ओली चटणी त्या दिवसाची असे. आता ती बाटलीत भरून आठवडाभर ठेवली जाते, शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना घरगुती म्हणून विकलीही जाते. चटणीचं विज्ञान समजून घ्यायला हवं ते इथे.

भाजल्याने काय होतं?

उकळत्या पाण्यात भाजीचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. तव्यावर किंवा निखाऱ्यावर मात्र सालीतलं पाणी उडून जातं आणि पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे तापतो. तिथे साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात आणि खमंग वासाची अनेक संयुगं तयार होतात. कांद्याचा उग्रपणा जाऊन गोडवा येतो तो याच वेळी.

आरोग्याचा हिशेबही जवळपास फायद्याचा आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन उष्णतेमुळे पेशींतून सुटं होतं आणि चमचाभर तेल असेल तर शरीर ते अधिक चांगलं शोषून घेतं. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने कमी होतं. शेवटी पिळलेलं लिंबू आणि वरून घातलेली कच्ची कोथिंबीर ती उणीव थोडी भरून काढतात. पूर्ण कोळसा झालेली साल तेवढी काढून टाकावी.

भाजलं म्हणजे टिकलं, असं नाही

लसूण, कांदा, बटाटा मातीत वाढतात. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते १०० अंशांच्या उष्णतेतही तग धरतात. त्यांचा खात्रीने नाश करायला दाबाखाली १२१ अंश तापमान लागतं. भाजीची साल करपली तरी आतला गर इतका तापत नाही. पुढे जिथे हवा नाही, आंबटपणा कमी आहे आणि ऊब आहे, तिथे हे बीजाणू जागे होतात आणि मज्जातंतूंवर घाला घालणारं विष तयार करतात. त्या अन्नाचा वास किंवा चव बदलेलच, असं नाही.

१९९४ साली अमेरिकेतल्या एल पासो शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या ३० जणांना अशी विषबाधा झाली. बटाटे फॉइलमध्ये गुंडाळून भाजले होते आणि तसेच गुंडाळलेले बाहेर ठेवून नंतर चटणीसारख्या पदार्थात वापरले होते. त्याआधी १९७७ मध्ये मिशिगन राज्यात ५९ जण आजारी पडले. तिथल्या तिखट सॉसमध्ये घरगुती पद्धतीने बाटलीबंद केलेल्या मिरच्या होत्या. असे प्रकार विरळा असतात. पण दोन्हीकडे चूक शिजवण्यात नव्हती, साठवण्यात होती.

आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. तो जितका कमी, तितका पदार्थ आंबट. ४.६ पेक्षा कमी पीएच असेल तर हा जिवाणू वाढू शकत नाही. टोमॅटो नेमका याच सीमेवर असतो. जात आणि पिकलेपणानुसार तो अलीकडे किंवा पलीकडे जातो. कांदा, लसूण, ढोबळी मिरची, वांगं हे सगळे सीमेपलीकडचे, म्हणजे कमी आंबट. टोमॅटोत ते जितके जास्त मिसळाल, तितका चटणीचा आंबटपणा उतरतो.

आपल्या जुन्या साठवणीच्या पदार्थांकडे पाहा. लोणचं मीठ आणि आंबटावर टिकतं. जवसाची, कारळाची चटणी टिकते कारण तिच्यात पाणीच नसतं. भाजलेल्या टोमॅटोच्या चटणीत पाणी भरपूर, मीठ बेताचं आणि आंबट अनिश्चित. वरून तेलाचा थर दिला की बुरशी थांबेल, पण हवाही तुटेल आणि या जिवाणूला हवी ती जागा आयती मिळेल. तेलात बुडवून ओट्यावर ठेवलेल्या लसणालाही हेच लागू आहे.

घरी करताना

अर्धा किलो घट्ट, लाल टोमॅटो, एक मध्यम कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या घ्या. मिरच्यांना चीर द्या, नाहीतर त्या तव्यावर फुटतात. कांदा अर्धा कापा, लसूण सालीसकट ठेवा. कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर उलटसुलट करत भाजा. लसूण आणि मिरच्या आधी होतील, त्या काढून घ्या. टोमॅटो मऊ पडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. खिडकी उघडी ठेवा, मिरचीचा ठसका घरभर जातो.

साली काढून सगळं पाट्यावर, खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये जाडसर वाटा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक चमचा तेल आणि अर्धा चहाचा चमचा मीठ घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आत असावं. त्यामुळे चटणीत हात आखडता ठेवलेला बरा. कोथिंबीर शिजत नाही, म्हणून ती वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवा. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या दिवसांत तर नक्कीच.

खाऊन उरलेली चटणी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेली पाहिजे आणि तीन-चार दिवसांत संपली पाहिजे. जास्त केली असेल तर छोट्या डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेला तर चटणी टाकून द्या.

लिंबू पिळलं म्हणून बाटली बाहेर ठेवण्याची मुभा मिळत नाही. ज्या बचत गटांना ही चटणी विकायची आहे, त्यांनी एफएसएसएआयची नोंदणी तर करावीच, शिवाय प्रयोगशाळेत पीएच तपासून घ्यावा आणि ‘फ्रिजमध्ये ठेवा’ ही सूचना व बनवल्याची तारीख बाटलीवर ठळक लिहावी. मुंबईला परतणाऱ्या गाडीत तापलेली बाटली घरी पोचेपर्यंत तशीच राहते, हे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही लक्षात घ्यावं.

असं काही खाल्ल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, गिळायला किंवा बोलायला त्रास होऊ लागला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. थेट रुग्णालयात जा आणि काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना सांगा. या विषावरचं प्रतिविष जितकं लवकर मिळेल, तितका त्याचा उपयोग जास्त. आणि उरलेली बाटली चाखून पाहायची नाही.