परदेशी निघालेल्या माणसाच्या गोळ्या

(राणीसावरगाव परिसरातल्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून केलेलं भाषण)

सांजवेळ झाली, चुलीवर भाजी शिजत असेल, तर रेडिओ जवळ घ्या आणि हात चालवत ऐका. आज आपण हिवतापाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हिवताप काय नवीन आहे? थंडी वाजते, गोधड्या अंगावर घ्याव्या लागतात, घाम येतो, ताप उतरतो. आपल्या आया-आज्यांनी हे सगळं पाहिलंय. पण आजचा विषय थोडा वेगळा आहे. घरातलं माणूस कामाला परदेशी, त्यातही आफ्रिकेत निघालं, तर हिवताप होऊ नये म्हणून आधीपासून ज्या गोळ्या घ्यायच्या असतात, त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आपला हा डोंगरपट्टा. पाणी कमी, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं बाहेर जातात. कुणी कोयता घेऊन उसाला जातं, कुणी पुण्या-मुंबईला. आता आयटीआय शिकलेली पोरं त्याहून लांब जायला लागली आहेत. कारखान्यातला फिटर, वेल्डर, बोअरच्या गाडीवरचा ऑपरेटर, बांधकामावरचा सुपरवायझर यांना युगांडा, टांझानिया, नायजेरिया, काँगो अशा देशांत काम मिळतं. युगांडात तर भारतीय कुटुंबांनी उभे केलेले मोठे साखर कारखाने आहेत. सैन्यातले आपले जवानही संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो आणि दक्षिण सुदानला जातात.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. त्यांना विचारूनच सांगतो आहोत. नाव घेणार नाही, पण त्या म्हणाल्या, "माझी चूक मी सांगितली तर दुसरीचं लेकरू वाचंल, खुशाल सांगा."

मावशींचा मुलगा साखर कारखान्यात फिटर. दुरुस्तीच्या कामासाठी त्याला पाच आठवडे आफ्रिकेत पाठवलं. जाण्याआधी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, रोज एक. तिकडे त्याने नेमाने घेतल्या. परत आला तेव्हा पिशवीत २८ गोळ्या शिल्लक होत्या. तो म्हणाला, "आई, ह्या अजून घ्यायच्यात." मावशींनी विचारलं, "घेतल्यावर काय होतं?" तर म्हणाला, "पोटात आग पडते." झालं. मावशी म्हणाल्या, "आता घरी आलास ना बाळा, इथं कुठं आफ्रिकेचे डास? दे सोडून." गोळ्या कपाटात गेल्या.

बाराव्या दिवशी पोराला ताप भरला. जवळच्या एका दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं, साधा ताप आहे म्हणाले. तिसऱ्या दिवशी लघवी गडद काळसर झाली, पोरगं असंबद्ध बोलायला लागलं. तेव्हा घरातल्या वहिनीने डॉक्टरांना सांगितलं, "हे नुकतेच आफ्रिकेतून आलेत." इतके दिवस हे कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. लगेच रक्त तपासलं. मेंदूपर्यंत जाणारा हिवताप निघाला. मोठ्या दवाखान्यात हलवलं, आठ दिवस तिथे काढले, पोरगं वाचलं. मावशी अजून म्हणतात, "त्या २८ गोळ्या डोळ्यांपुढून जात नाहीत."

आता प्रश्न असा, की घरी आल्यावरही २८ दिवस गोळ्या कशाला? हे समजून घ्यायचं तर हिवतापाचा जंतू अंगात शिरल्यावर काय करतो ते पाहावं लागेल.

हिवताप पसरवते ती अ‍ॅनोफिलीस जातीच्या डासाची मादी. ती दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावते. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू वाढतो, हे रोनाल्ड रॉस या डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी शोधून काढलं. कुठे? आपल्या शेजारी, सिकंदराबादला. तेव्हा आपला परभणी जिल्हाही त्याच हैदराबाद संस्थानात होता. या शोधासाठी रॉसला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळालं, आणि २० ऑगस्ट हा दिवस आजही जगभर डास दिन म्हणून पाळतात.

मादी चावली की जंतू आधी रक्तातून आपल्या यकृतात, म्हणजे काळजात जाऊन बसतो. तिथे तो साधारण आठवडाभर, कधी त्याहून जास्त, गुपचूप वाढतो. माणसाला काही कळत नाही. ताप नाही, थंडी नाही. मग तो रक्तात उतरतो, तांबड्या पेशी फोडतो आणि ताप येतो.

बहुतेक गोळ्या यकृतातल्या जंतूला हात लावत नाहीत. तो रक्तात उतरला की तिथे त्याला गाठतात. आता बघा, परतीच्या आदल्या रात्री डास चावला, तर तो जंतू आपल्या मुलाबरोबर विमानात बसून राणीसावरगावला येतो. रानात खुरपणी झाली तरी मातीत पडलेलं तणाचं बी नंतर उगवतं की नाही? तसंच हे. उगवेल तेव्हा त्याला मारायला रक्तात औषध हजर पाहिजे. म्हणून परत आल्यावरचे चार आठवडे.

आणि जाण्याआधी का? पेरणीच्या आधी आपण बियाण्याला औषध चोळतो. रोग आल्यावर चोळून उपयोग नाही. पहिला डास चावेल तेव्हा रक्तात औषध मुरलेलं असावं, म्हणून आधीपासून सुरुवात. आणखी एक कारण, गोळी सोसते की नाही हे घरी असतानाच कळतं.

आता गोळ्या कोणत्या, ते सांगतो. पण मैत्रिणींनो, ही माहिती डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून आहे. हे ऐकून मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणायच्या नाहीत.

सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर आपल्या देशाच्या सरकारी मार्गदर्शनात मोठ्या माणसासाठी डॉक्सिसायक्लिन सांगितली आहे. १०० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक. जाण्याच्या दोन दिवस आधी सुरू, तिथे रोज, आणि परतल्यावर चार आठवडे. मावशींच्या मुलाचा हिशेब करा. आधीच्या २, तिथले पाच आठवडे म्हणजे ३५, आणि परतल्यावरच्या २८. एकूण ६५. पिशवीत २८ उरल्या होत्या, म्हणजे पोरगं तोपर्यंत अगदी बरोबर चाललं होतं.

ही गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही. पोटात आग पडते ती बहुतेक वेळा उपाशीपोटी घेतल्याने किंवा घोटभर पाण्यावर गिळून झोपल्याने. दूध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी, आम्लपित्ताचं औषध हे सोबत घ्यायचं नाही, मध्ये अंतर ठेवायचं. उन्हाने कातडी लवकर भाजते, म्हणून अंग झाकायचं. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या लेकराला ही गोळी चालत नाही.

मुक्काम जास्त असेल तर मेफ्लोक्विन नावाची गोळी सांगितली आहे. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. जाण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. फिट येणाऱ्याला, मनाचा आजार असणाऱ्याला किंवा पूर्वी होऊन गेलेल्याला ती देत नाहीत. हृदयाचा त्रास असेल तर तोही आधी सांगायचा. कुणाला या गोळीने वाईट स्वप्नं पडतात, जीव घाबरतो, चक्कर येते. असं झालं तर गुपचूप बंद न करता डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यायची.

तिसरी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. दोन औषधं एकाच गोळीत. रोज एक, जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. ही यकृतातल्या जंतूलाही मारते, म्हणून परतल्यावर सातच दिवस पुरते. महाग मात्र पडते.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी हिवतापाचा कर्मचारी दारी यायचा, बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचा आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायचा. घरात अजून कुणी म्हणतं, "त्याच पांढऱ्या गोळ्या दे बांधून." तर ते करू नका. आफ्रिकेतला हिवताप बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, आणि तो तिथे क्लोरोक्विनला दाद देत नाही. एक-दोन दिवसांचा उशीरही त्यात जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. त्यांतली शंभरातली ९५ आफ्रिकेतली, आणि तिथेही बहुतेक पाच वर्षांखालची लेकरं.

"आम्ही डासांतच वाढलो, आम्हाला काय होतंय?" असं पुरुष माणसं हमखास म्हणतात. लहानपणी इथे येऊन गेलेल्या तापाची ढाल तिकडे कामाला येत नाही.

प्रत्येक परदेशाला ही भीती आहे असंही नाही. दुबई-अबुधाबीकडे हिवताप राहिलेला नाही, श्रीलंकाही २०१६ साली हिवतापमुक्त जाहीर झाली. आपल्या भागातून हज आणि उमराहला जाणाऱ्या आपा, खाला यांनीही निश्चिंत राहावं. मक्का-मदिनेसाठी हिवतापाच्या गोळ्या लागत नाहीत. तिथली लसीकरणाची सक्ती वेगळी आहे. आणि आपल्या राज्यातच गडचिरोलीच्या जंगलभागात फाल्सिपेरम आहे, तिकडे राहून आलेल्या माणसाचा तापही अंगावर काढायचा नाही.

आणखी एक गोंधळ होतो. आफ्रिकेला जाताना पीतज्वराची लस घ्यावी लागते आणि पिवळं कार्ड मिळतं. लोकांना वाटतं लस झाली, आता गोळ्या कशाला? ती लस पीतज्वराची, हिवतापाशी तिचा संबंध नाही. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावर घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते. पण कार्ड नसेल तर परत येताना विमानतळावरच वेगळं ठेवू शकतात.

आणि गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही. कुठलीच गोळी शंभर टक्के राखण करत नाही. औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारं मलम, हे सगळं हवंच. गोळ्या इथूनच पूर्ण मोजून न्याव्यात, कारण तिकडे बाजारात बनावट औषधंही विकली जातात.

गरोदर बाईने, जमत असेल तर, असा प्रवास पुढे ढकलावा. गरोदरपणात हिवताप आई आणि बाळ दोघांनाही बाधतो. नवऱ्याबरोबर लेकरं घेऊन जायचंच असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांकडे जा. लेकराची गोळी वजनावर ठरते.

शेवटी, ज्या घरातलं माणूस जाणार आहे त्या घरातल्या बाईने करायच्या चार गोष्टी.

पहिली. तिकीट ठरलं की चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे. देश कोणता, किती दिवस, कोणते आजार, कोणती औषधं चालू आहेत, सगळं सांगायचं.

दुसरी. गोळ्या मोजायच्या. आधीच्या, तिथल्या, नंतरच्या. बचत गटाच्या वहीत आपण पैशांचा हिशेब ठेवतो, तसा हा कॅलेंडरवर ठेवायचा. शेवटच्या गोळीच्या तारखेला गोल करायचा.

तिसरी. माणूस घरी आलं की पुरणपोळी खुशाल करा, पण जेवण झाल्यावर विचारा, "आजची गोळी घेतली का?"

चौथी, सगळ्यांत मोठी. परतल्यावर कधीही ताप आला, पहिल्या तीन महिन्यांत तर खासच, पण वर्षभरातही, तर त्याच दिवशी दवाखाना. आत शिरताच पहिलं वाक्य बोलायचं: "हे आफ्रिकेतून आलेत, हिवतापाची तपासणी करा." गोळ्या पूर्ण घेतल्या असल्या तरी हे सांगायचं. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि औषध मोफत आहे. आशाताईकडेही बोटाच्या थेंबावरची तपासणी होते. एकदा काही निघालं नाही आणि ताप राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा तपासायला सांगायचं. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसायचं नाही.

मावशींचा मुलगा पुन्हा आफ्रिकेला गेला. या वेळी मावशींनी स्वतः गोळ्या मोजून दिल्या. परत आला तेव्हा त्यांनी देवळीत कॅलेंडर टांगलं आणि २८ दिवस रोज एक फुली मारली. शेवटची फुली मारली त्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी चहाला होतो. चहा झाला, मावशींनी रिकामं पाकीट आम्हाला दाखवलं आणि चुलीत टाकलं.

येत्या बैठकीत आपल्या गटात एकदा विचारा, कुणाच्या घरचं माणूस असं बाहेर आहे का, निघालंय का. असेल तर हे तिच्या कानावर घाला. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.