एक प्रार्थना, तीन गायनें

अहमदनगर शहरांतून (आतांचें सरकारी नांव अहिल्यानगर) दौंडच्या रस्त्यानें निघालें कीं सुमारें नऊ किलोमीटरांवर अरणगांव लागतें. त्याच्या लगतच मेहेराबाद येथें मेहेरबाबांची समाधि आहे. इंग्लंडांतील एका रॉक गायकाच्या छोट्याशा ध्वनिमुद्रिकेचें मूळ या स्थानाशीं जोडलेलें आहे. तिचें नांव ‘ओ परवरदिगार’, गायकाचें नांव पीट टाउनशेंड व प्रकाशनाचें वर्ष २००१.

या प्रकारच्या मुद्रिकेस ‘ईपी’ म्हणतात. ‘एक्स्टेंडेड प्ले’ या शब्दांचीं हीं आद्याक्षरें. आपल्या घरांतील जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटें गाणें मावे. १९४८ सालीं दीर्घकाळ वाजणारी ‘एल्‌पी’ निघाली. एका गाण्याची लहान तबकडी व ही मोठी एल्‌पी यांच्या मधली जागा ईपीनें घेतली. प्रस्तुत ईपी तबकडी नसून सीडी आहे. परंतु नांव तेंच राहिलें. तिच्यांत गाणीं अनेक नाहींत. एकच प्रार्थना तीन वेळां आहे: एकदां स्टुडिओंत गाइलेली, एकदां भारतांत श्रोत्यांसमोर गाइलेली, आणि एकदां जर्मन भाषेंत.

‘परवरदिगार’ हा फारसी शब्द. त्याचा अर्थ पालनकर्ता. मेहेरबाबा, म्हणजे मेरवान शेरियार इराणी, यांचा जन्म पुण्याचा, २५ फेब्रुवारी १८९४ चा. १० जुलै १९२५ रोजीं त्यांनीं मौन धरिलें; तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. १९५३ सालीं त्यांनीं ही प्रार्थना दिली. त्या काळीं ते इंग्रजी मुळाक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून शब्द सुचवीत. अर्थात्‌ या प्रार्थनेचा एकही शब्द तिच्या कर्त्यानें उच्चारलेला नाहीं.

टाउनशेंड हे ‘द हू’ या लंडनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख गीतकार. साध्या तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून अनेक गाण्यांतून एक कथा सांगण्याचा जो प्रघात त्या वेळीं रॉक संगीतांत पडत होता, त्यांत त्यांचें १९६९ चें ‘टॉमी’ अग्रगण्य मानतात. त्याच सुमारास ते मेहेरबाबांचे अनुयायी झाले. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नांवांतील ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबाच. ‘रायली’ हे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. बाबांच्या स्मरणार्थ अनुयायांनीं मोजक्या प्रतींत ज्या एल्‌पी काढल्या, त्यांपैकीं १९७२ च्या ‘आय ॲम’ मध्यें टाउनशेंड यांनीं ही प्रार्थना, शब्दांत थोडा फरक करून, चालीवर बसविली. त्याच वर्षीं ती ‘हू केम फर्स्ट’ या त्यांच्या एल्‌पींत सर्वांसाठीं आली. लांबी सहा मिनिटांहून अधिक. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर ती मावली नसती.

आतां स्टुडिओ व मैफल यांतील भेद पाहूं. स्टुडिओंत एकच मनुष्य आधीं गिटार वाजवितो, तें ऐकत वर दुसरें वाद्य चढवितो, अखेरीस गातो. चुकलें तेवढें पुसतां येतें. जणुं शुद्धलेखन तपासून उतरविलेली वही! श्रोत्यांसमोर ही सोय नाहीं. उच्चारलेला स्वर परत घेतां येत नाहीं; खोलीचा घुमारा, समोरच्यांची चाहूल, श्वासाची घाई हें सारें मुद्रणांत उतरतें. पहिल्यांत रचना स्वच्छ दिसते, दुसऱ्यांत माणूस दिसतो. आपल्याकडे रेडिओवरील अभंग आणि देवळांतल्या भजनांतला तोच अभंग यांत जो फरक, तोच हा.

मग यांतलें खरें कोणतें? एरव्हीं आपण मूळ गायकाचा आवाज प्रमाण मानतों आणि बाकीच्यांस नक्कल म्हणतों. येथें तसा आवाजच नाहीं. मौनांतून आलेल्या शब्दांस लाभलेला प्रत्येक आवाज उसना आहे. मग तो लंडनचा असो, जर्मन असो वा अरणगांवचा. म्हणून ही छोटी मुद्रिका तीन गायनें शेजारीं ठेवते, हें मला योग्य वाटतें. त्यांत वरिष्ठ-कनिष्ठ ठरविण्यापेक्षां प्रत्येकानें काय दिलें, तें पाहावें.

संग्राहक अशा मुद्रिका दुर्मिळ म्हणून जपतात. जपाव्यातही. परंतु वस्तु दुर्मिळ असली, तरी तिच्यांतील प्रार्थना दुर्मिळ नाहीं. मेहेराबादेस समाधीपाशीं ती रोज सकाळ-सायंकाळ म्हटली जाते. तेथें यंत्र लागत नाहीं. आणि दर वर्षीं ३१ जानेवारीस दुपारीं तेथें जमलेला जनसमुदाय कांहीं मिनिटें मौन पाळतो. मुद्रिका ऐकणाऱ्या रसिकानें तेंही एकदां जाऊन ऐकावें. कारण या गाण्याची सुरुवात तेथूनच झाली आहे.